विहिरीची खोटी साक्ष

“फौजदार, खड्डा कसला खणताय? माझी कवटीच खणा!” असं ओरडत ती म्हातारी विहिरीच्या काठावर आडवी झाली. तो दिवस अजून कानात आहे. तिचा आवाज देवासच्या टेकडीपर्यंत पोचला. खोटं वाटत असेल तर टेकडीला विचारा.

हाटपिपल्याजवळच्या एका गावी देवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. खबऱ्या माळवी बोलीत म्हणाला, “भिया, माल माळ्याच्या विहिरीपाशी पुरला आहे. पक्की बात.” योगायोगानं खनिज शोधणारा एक इंजिनिअर मुक्कामाला होता. त्याची पेटी म्हणजे तारांची वेटोळी आणि कानाला लावायची नळी. जमिनीत धातू असला की नळी गुणगुणायची. विहिरीपाशी ती अशी बोंबलली, की इंजिनिअरची टोपी उडाली! आम्ही हत्ती मावेल एवढा खड्डा केला. निघाली गांडुळं.

म्हातारीचा मुलगा, तो माळी, ठाण्यात आणला.

“काय पुरलंस?”

“काही नाही, साहेब.”

“मग पेटी का ओरडते?”

तुरुंगाचं नाव काढलं, तेव्हा डोळे भरले, तोंड मिटलेलंच. माझ्यापुढे भलेभले दरोडेखोर पोपटासारखे बोलत, हा खांब झाला. पण चोर नजर चुकवतो. हा सरळ बघत होता.

त्याला घेऊन विहिरीवर परतलो, दुसरा खड्डा सुरू केला, तशी म्हातारी काठावर आडवी झाली. ती उठेना, तेव्हा मी खणणं थांबवून नळी स्वतःच्या कानाला लावली. विहिरीच्या चारी अंगांना गुणगुण सारखीच, दूर गेलं की बंद. मुखवटा काही विहिरीभोवती गोल पुरता येत नाही! दोर बांधून आत उतरलो, चुन्याच्या गिलाव्यावर हातोडी मारली. टण्ण! मागे लोखंड.

माळी पायांवर कोसळला. “माती ढासळायची, साहेब. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या जुन्या बॉयलरचा पत्रा आत बसवला. देवाच्या अभिषेकाचं पाणी आमच्या विहिरीचं. देवाला लोखंड वर्ज्य; कळलं तर पुजारीबाबा थेंब घेणार नाहीत. आजोबांपासूनचा मान आहे.”

त्या मानासाठी गडी तुरुंगात जायला तयार होता!

मग खबऱ्या खोटं का बोलला? पेटी त्याच्या गोठ्यात नेली. गव्हाणीखाली मुखवटा निघाला.

पेटीला धातू कळतो, चोर कळत नाही, हे मी तिथं शिकलो. त्या म्हातारीचे उपकार मात्र जन्मभर फिटायचे नाहीत. ती आडवी झाली नसती, तर एक निरपराध माणूस माझ्या हातून आत गेला असता.

पंचनाम्यात लोखंड लिहिणं भाग होतं. म्हणून मुखवटा परत देताना पुजारीबाबांना आधी मीच सांगितलं. माळी मान खाली घालून उभा.

बाबा म्हणाले, “ठाऊक आहे. रोज पाणी काढताना घागर आपटते, टण्ण!”