जेवायला बूट घाला, टोपी काढा

"जेवायला बूट घालायचं?" मंचरच्या बुटांच्या दुकानात स्टुलावर बसून आबा म्हणाले. "आपण तर जेवताना काढतो ना रं?"

दुकानदार हसला, आई हसली. मी पण हसलो. बुटाचं सांगून झालं होतं, पण अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. जहाजावर जेवायला बसताना टोपी पण काढावी लागते.

आधी माझं सांगतो. मी दत्ता, लोणीचा. आठवीत शाळा सोडली. एका जागी बूड टेकत नाही म्हणून पुण्यात हॉटेलात लागलो, तिथून गोव्याला, तिथून परदेशी जहाजावर. सहा वर्षं झाली. घरी सांगितलंय, "डायनिंगला हाय." आबांना, म्हणजे वडलांना, वाटतं मी वाढप्याचं काम करतो. खरं तर मी जेवणाच्या हॉलच्या दारात उभा असतो. येणाऱ्याचे कपडे बघायचे आणि हसत हसत परत पाठवायचं. हाफपँट, परत. रबरी चप्पल, परत. टोपी, काढा नाहीतर परत.

ह्या सुट्टीत आबा म्हणाले, "एकदा दाव तरी, तू काय करतो ते." माझ्या जहाजावर त्यांना नेणं शक्य नव्हतं. मग मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्रींचं तिकीट काढलं. कंपनी दुसरी, पण हॉल तसलाच. पांढऱ्या कापडाचं टेबल, खिडकीबाहेर समुद्र, आणि आबांच्या ग्लासात कुणीतरी वाकून पाणी ओततंय. एवढंच मला बघायचं होतं. खिडकीजवळचं टेबल आधीच मागून ठेवलं होतं.

आता टोपीचं. आमच्याकडं उघडं डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलं. आबांना उघड्या डोक्यानं मी एकदाच पाहिलंय, चुलते वारले तेव्हा. बारा दिवस. त्या बारा दिवसांत ते दुसरेच कुणी वाटायचे, कपाळाचा वरचा भाग एकदम पांढरा. अशा माणसाला "टोपी काढा" कसं म्हणायचं?

मंचरला म्हणायचं ठरवलं होतं. म्हटलं, बसमध्ये म्हणू.

पहिला दिवस

लोणीहून मंचरला सकाळची एसटी धरा, नंतरच्या गाडीचा भरवसा नाही. मंचरहून आळेफाटा आणि तिथून माळशेज घाटानं कल्याण. पुण्यावरनं पण जाता येतं, पण चाकणच्या गर्दीत अडकायचं नसेल तर हाच रस्ता. नारायणगावात उतरून मसाला दूध प्या. आईनं दोन ग्लास प्यायले आणि म्हणाली, "तुझ्या जहाजावर आसलं गावतं का?" नाही गावत.

आळेफाट्याला शेजारी बसलेल्या एका पावण्यानं आबांना विचारलं, "बाबा, नवं बूट! लग्नाला का?"

"न्हाई. पोराच्या जहाजावर जेवायला."

"पोरगं कप्तान हाय का काय?"

"कप्तानाला जेवायला घालतंय," आबा म्हणाले आणि सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

माळशेजला गाडी चहाला थांबली. आबा कठड्याशी जाऊन उभे राहिले. "माझ्या बापानं मेंढरं इथनंच खाली कोकणात नेली, पायी," म्हणाले. "मी पाठीवर व्हतो म्हणं." वारा असा होता की त्यांनी एका हातानं टोपी धरून ठेवली होती. माझ्या मनात आलं, नेऊ दे वाऱ्याला. नेली तर सुटलो. लगेच स्वतःची लाज वाटली. सांगायची ही चांगली वेळ होती. मी चहाचे पैसे द्यायला गेलो.

रात्री कल्याणला मामांकडं मुक्काम केला. तिथं पण बोललो नाही.

दुसरा दिवस

बंदरावर लवकर पोचा. ओळखपत्राची मूळ प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही. सामान मशीनमधून जातं. तिथं आबांचा अडकित्ता काढून घेतला, पावती दिली, उतरताना परत मिळाला. सुपारी कातरूनच न्या.

कपड्यांचंही सांगतो, कारण हे कुणी नीट सांगत नाही. दिवसा काहीही चालतं. वरच्या मजल्यावर आपल्या हातानं वाढून घ्यायचा हॉल असतो, तिथं कुणी बघत नाही. खालच्या मोठ्या हॉलमध्ये मात्र संध्याकाळी पुरुषांना लांब पँट किंवा पायजमा, कॉलरचा शर्ट नाहीतर कुडता, बंद बूट. बायकांना साडी म्हणजे निर्धास्त. आणि एक संध्याकाळ कोटाची असते. तसा कागद खोलीत ठेवलेला असतो, इंग्रजीत. आमच्या खोलीत पण होता, टोपीच्या ओळीसकट. मी तो घडी करून खिशात टाकला.

पहिल्या संध्याकाळी वरच जेवलो. हाफपँटवाली माणसं बघून आबा कुजबुजले, "ह्यांना बुटाचं कुणी सांगितलं न्हाई वाटतं." खोलीत एसी लई गार. आईनं आणलेली घोंगडी उपयोगी पडली. तुम्ही पण काहीतरी जाड न्या.

तिसरा दिवस

गोव्यात उतरलो, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही. दिवसभर डोक्यात एकच होतं, साडेसात वाजता दार.

सहा वाजता आईला बाजूला घेतलं. "आई, टोपीचं तू सांग ना."

"कसलं टोपीचं?"

सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "मंचरपासनं ठावं हाय तुला? न्हाई बाबा. तुझं तू सांग."

मी खोलीत गेलो. आबा आरशासमोर उभे होते. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, वरून माझा काळा कोट, पायात नवे बूट. माझ्याकडं पाठ करून त्यांनी पिशवीतून काहीतरी काढलं. प्लॅस्टिकात गुंडाळलेली नवी टोपी होती, कडक इस्त्रीची. खास ह्या जेवणासाठी मंचरलाच घेतली होती, मी बुटाचं बिल देत होतो तेव्हा. दोन्ही हातांनी डोक्यावर बसवली, धार सरळ आहे का बघितलं.

"कसं?"

"झकास," मी म्हणालो.

दारात रांग होती. पुढं एक बाई उभी होती, काळा कोट, हातात यादी. माझ्याच कामाची. आईची इरकल बघून तिला खराच आनंद झाला. "आंटी, कितनी सुंदर साडी!" आई लाजली. मग ती आबांकडं वळली आणि हसली. ते हसू मी ओळखलं. ते शिकवलेलं असतं. ओठ हसतात आणि हात आडवा येतो.

"अंकल, टोपी निकालनी पड़ेगी."

आबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग हॉलमध्ये, मग माझ्याकडं. आवाज एकदम हळू करून विचारलं, "का? कोण गेलं?"

मागची माणसं पाय हलवायला लागली. तेवढ्यात तिचा साहेब आला. भला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "धार्मिक हो तो कोई बात नहीं."

बुडत्याला फळी मिळावी तसं मी म्हणालो, "हां सर, धार्मिक है."

आबांना मालिका बघून हिंदी कळतं. "नहीं साहब," ते म्हणाले. "धरम की नहीं. रोज की है."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. आबांनी पण.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं. मी हेच काम करतो आबा. असाच दारात उभा राहतो."

"वाढत न्हाई?"

"नाही."

"म्हातारी माणसं येत असतील."

"येतात."

आबांनी त्या बाईला नमस्कार केला, म्हणाले, "चलतो ताई," आणि रांगेतून बाहेर निघाले. रांगेनं आम्हाला वाट दिली. आत खिडकीजवळ तीन खुर्च्यांचं रिकामं टेबल मला दारातूनच दिसत होतं.

आई मागून म्हणाली, "माझी साडी पास झाली व्हती. मी जाते एकटीच." कुणी हसलं नाही. जिन्यात आबा हसले, थोडंसं.

वरच्या हॉलमध्ये वरणभात, पनीर, पुऱ्या होत्या. आबांनी टेबलाखाली बूट काढले, एकावर एक पाय ठेवले आणि टोपी घालून जेवायला बसले. चार घास झाल्यावर बोलले.

"दत्ता, टोपीचं काय न्हाई रं. मंचरला सांगितलं आसतंस तर मी इचार केला आसता. काढली बी आसती कदाचित, तुझ्यासाठी. पर दारात सांगितल्यावर माणसानं काय ठरवायचं?"

मी मान खाली घालून जेवत राहिलो. आबांनीच जाऊन माझ्यासाठी गुलाबजाम आणले, दोन.

घरी

लोणीला परत येऊन आठवडा झाला. पुढच्या महिन्यात मी परत माझ्या दारात उभा राहणार. नियम बदलायचा मला अधिकार नाही, पण एक करता येतं. आमच्याकडं आरक्षणाची यादी दुपारीच येते. त्यातल्या ज्याच्या डोक्यावर दिवसा काही दिसलं असेल त्याला दुपारीच गाठून सांगायचं, एकटा असताना, हळू. मग त्याला ठरवायला संध्याकाळपर्यंत वेळ राहील. आमचा साहेब हो म्हणेल का माहीत नाही. विचारणार आहे.

तुम्ही आईवडलांना घेऊन जाणार असाल तर जरूर जा. समुद्र बघून आई अजून रोज बोलते. फक्त तो खोलीतला कागद खिशात घालू नका, आणि जे सांगायचं ते घरात सांगा, निघायच्या आधी.

काल पारावर कुणीतरी आबांना विचारलं, "काय आबा, झालं का जहाजावर जेवण? पोरानं काय थाट केला?"

मी मागंच होतो, गाडीला किक मारता मारता थांबलो. साहेबासमोर खोटं बोलले नाहीत ते आबा, इथं पण बोलणार नाहीत हे मला माहीत होतं.

आबांनी टोपी सारखी केली.

"खिडकीपाशी टेबल धरलं व्हतं पोरानं," ते म्हणाले. "पांढऱ्या कापडाचं."