मामांचा आकडा

आगीला मामा कधी भ्यायले नाहीत. अग्निशमन दलात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. ते भ्यायचे टेबलाला. वार्षिक चाचणीत दुसऱ्यांदा नापास झालेल्या माणसाला गाडीवरून उतरवून टेलिफोनच्या टेबलाशी बसवत, आणि मामा एकदा नापास झालेच होते. सातव्या मजल्यावर मटकन बसले होते, सगळ्यांदेखत.

खरं तर धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांचं कशातच मन लागत नव्हतं. शेवटी बायकोनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मनाला उभारी देणारी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "थकवा नुसता पायांत नसतो. आता पुरे, हे मेंदू ठरवतो. ही गोळी तिथली रसायनं थोडी बदलते. उकाड्यात अंगमेहनत केलीत तर तुम्हाला ते 'पुरे' उशिरा कळेल, आणि तोवर अंग तापत राहील. चाचणीआधी साहेबांना सांगा."

मामांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. थकवा उशिरा येणार! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. साहेबांना सांगायचं त्यांनी सोयीस्करपणे टाळलं, आणि बायकोला सांगितलं, "सांगितलंय गं."

चाचणीची इमारत बारा मजल्यांची, आतून भट्टीसारखी तापवलेली. अंगात जाड पोशाख, खांद्यावर पाइपाचं वेटोळं, सोबत जोडीदार. जोडीदाराला सगळे वकील म्हणत, कारण तो चहात साखर किती यावरही वाद घाली. दर मजल्यावर जोडीनं एकमेकांना विचारायचं, "किती?" दमणुकीचा आकडा एक ते दहात सांगायचा. कुणाचाही सातच्या वर गेला की दोघांनी परत फिरायचं. या आकड्यावर जीव टांगलेला असतो, म्हणून त्यात खोटं बोलणाऱ्याला दलात कुणी पाणी विचारत नसे.

"किती?" पाचव्या मजल्यावर वकिलानं विचारलं.

"दोन."

"मामा, काय खाऊन आलात?"

मामा हसले. किती महिन्यांनी हसले! आठव्यावर वकील पाच म्हणाला, मामा तीन. टेबल आता लांब राहिलं होतं.

दहाव्यावर वकील धापा टाकत कठड्याला टेकला. "माझे सहा. तुमचे?"

"तीन."

"आणि पाइप कुठंय?"

मामांनी खांदा चाचपला. खांद्यावर काहीच नव्हतं. वेटोळं कुठं ठेवलं, कधी ठेवलं, काही म्हणता काही आठवेना. नववा मजला चढल्याचंही आठवेना. बोटं थरथरत होती आणि ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी ते त्यांच्याकडे बघत राहिले. आतून मात्र कुणीतरी निवांतपणे सांगत होतं, तीन, फक्त तीन.

तेव्हा मामांना उमगलं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांचं डोकंच त्यांच्याशी खोटं बोलत होतं. खरी आग असती तर या आकड्याच्या भरवशावर वकील, हा पोरांचा बाप, त्यांच्या मागोमाग धुरात शिरला असता.

वर दोनच मजले होते. मामांनी त्या जिन्याकडे एकदा पाहिलं.

"आठ," ते म्हणाले. "माझे आठ धर. मला खाली ने."

वकिलानं जन्मात पहिल्यांदा वाद घातला नाही. त्याचीही चाचणी बुडाली होती, तरी त्यानं मामांच्या काखेत हात घातला.

खाली आल्याबरोबर पोशाख उतरवून त्यांच्या मानेशी, काखांत बर्फ लावला, अंगावर पाणी ओतलं. अंगात एक्केचाळीस अंश सेल्सियसच्या वर ताप. साहेबांनी तो आकडा दोनदा वाचला आणि रुग्णवाहिका बोलावली. मामांनी गोळीचं सगळं तिथंच सांगून टाकलं.

बायको धावतपळत दवाखान्यात पोचली. तिनं त्यांचा ओला हात घट्ट धरला. "अहो, कसं वाटतंय?"

मामांना रडू फुटलं.

"तीच तर भीती वाटते गं," ते म्हणाले. "अजून दोन मजले सहज चढेन, असं वाटतंय."