दुसऱ्या बाजूची पाळी

निर्मळ गावात केळीच्या एका वाडीतून माझा जीव की प्राण असलेला रॉक अल्बम ऐकू आला आणि मी स्कूटर थांबवलीच. त्यात गाण्यामागून गाणं एकच गोष्ट उलगडते: पहिल्या बाजूला माणूस घर सोडतो, दुसऱ्या बाजूला परततो.

पडवीत रेकॉर्ड फिरत होती. लुंगी खोचलेले एक म्हातारे काका फावड्यानं केळींना पाणी वळवत होते आणि गिटार चढली की मान हलवत होते. बाजू संपली, तसे ते पडवीत येऊन रेकॉर्ड काढायला लागले. अर्धवट ऐकणारे लोक मला सहन होत नाहीत.

"काका, उलटा ना! खरी मजा पुढेच आहे."

"पहिली बाजू वाजते तवर माझ्या पान्याची पाळी," ते म्हणाले. "दुसरी भावाची. ती तोच लावायचा. कॅनडाला गेलाय."

"मग तुम्ही ऐकतच नाही?"

"आला की ऐकू."

त्यांनी रेकॉर्ड फडक्यानं पुसून पाकिटात ठेवली आणि पाणी भावाच्या केळींकडे सोडलं. पाणी शेवटच्या आळ्यात पोचेपर्यंत आम्ही बांधावर उभे होतो. पुढची सगळी गाणी दोघांनाही पाठ होती, पण कुणीच गुणगुणलं नाही.