फीमाफीच्या खिडकीतले आण्णा

आमच्या कॉलेजातल्या आण्णांनी सगळ्या नोकरीत एकाही मुलाची फी स्वतःच्या खिशातून भरली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. अशा माणसांवर लिहिताना त्यांनी गुपचूप कितीजणांच्या फिया भरल्या ते लिहायची पद्धत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. कुणी तसं सुचवलंच तर आण्णा म्हणायचे, "मी भरली तर पोरगं पुढची तीन वर्षं मला बघून रस्ता बदलणार. सरकारनं भरली तर बरं, सरकार काही बाजारात भेटत नाही."

कराड आणि सांगली यांच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी, नदीपासून हाकेच्या अंतरावर आमचं कॉलेज होतं. खासगी संस्था, दोन शाखा, निम्मे वर्ग पत्र्याखाली. आण्णा तिथले हेडक्लार्क. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर काळी टोपी, पायजम्यावर पांढरा शर्ट. कार्यालयाला एक जाळीची खिडकी होती, तिच्यामागे ते बसत. बाभळीचा डिंक घरून शिजवून आणत आणि फोटो, तिकिटं, पावत्या सगळं त्यानंच चिकटवत. तो डिंक इतका पक्का बसे की चुकीच्या जागी चिकटवलेला फोटो काढायचा म्हणजे फॉर्मच फाटायचा. त्यामुळे आण्णा काहीही चिकटवण्याआधी दोनदा विचारत, "हेच ना?"

खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच शब्द असे. "कागद?" इ.बी.सी.ची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची, सवलत हवी असेल तर उत्पन्नाचा दाखला. मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती हवी असेल तर जातीचा दाखला. वडील वारले असतील तर तोही दाखला. मुलं रडगाणं सुरू करत. आण्णा हात वर करून म्हणत, "गोष्ट नको. गोष्टीला फाइल नसते." आम्हाला तेव्हा ते फार कोरडे वाटत. पण फी आली नाही की आमच्याच सरांचा पगार अडकायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एकदा एका मुलानं फारच गयावया केली तेव्हा त्यांनी व्हरांड्यातून चाललेल्या इतिहासाच्या सरांकडे बोट दाखवलं. "दोन महिने झाले त्यांचा पगार नाही. त्यांना विचारून या, तुमची फी सोडू का म्हणून." मुलगा गेला नाही. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आला.

आण्णा कुणालाही अरे-तुरे करत नसत. पहिल्या वर्षाला आलेलं, अजून मिसरूड न फुटलेलं पोर असलं तरी "तुम्ही". मुलींना "बाई". शिपाई चिडवायचा, "आण्णा, माझ्या धाकट्यालाबी आवं-जावं करा की." आण्णा म्हणायचे, "तो फीमाफी मागायला आला की करीन. मागायला आलेला माणूस आधीच वाकलेला असतो. आपण आणखी कशाला वाकवायचा?"

सवलत मंजूर झालेल्यांची यादी फलकावर लावायची असा संस्थेचा नियम होता. नियम मोडायचा नाही, हा आण्णांचा नियम. मग ते मथळा असा घालत: 'खालील विद्यार्थ्यांनी कार्यालयात येऊन सही करावी.' त्यात सवलतीची नावं असत, आणि त्यांच्यात मिसळून ओळखपत्राची, ग्रंथालयाच्या अनामतीची, कसलीही. एकदा गावातल्या सराफाचा मुलगा खिडकीवर तणतणत आला.

"माझं नाव कसं काय या यादीत? आम्ही काय माफीवाले आहोत का?"

"कोण माफीवाले? तुमच्या जन्मतारखेत खाडाखोड आहे. सही करा."

"मग तसं लिहायचं ना वर!"

"प्रत्येकाच्या चुका फलकावर लिहायला लागलो तर फलक पुरायचा नाही," आण्णा म्हणाले.

पालकांना ते फक्त गुरुवारी बोलावत. गुरुवार बाजाराचा. माणूस बाजाराला येणारच असतो, त्याचा वेगळा खाडा होत नाही. गुरुवारी खिडकीसमोर कोथिंबिरीच्या जुड्या, बांधलेल्या पायांच्या कोंबड्या आणि वडील माणसं अशी एकच गर्दी असायची.

आता माझं सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते. दुष्काळ नुकताच सरला होता. वडील हवालदार म्हणून फौजेतून सुटून आले होते आणि सुटताना मिळालेले पैसे त्यांनी भावकीबरोबर नदीवरच्या पाइपलाइनीत घातले होते. पाणी आलं होतं, ऊस लागला होता, पण तो कारखान्याला जायला अजून वर्ष होतं. पहिल्या वर्षाची फी त्यांनी रोख भरली होती. दुसऱ्या वर्षाला मी म्हटलं, आपण इ.बी.सी.त बसतो, तलाठ्याकडून दाखला आणा. त्यांनी आणला. मी घडी न उघडता आण्णांच्या खिडकीत सरकवला.

आण्णांनी वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"बाई, तुमचे वडील श्रीमंत झाले."

"कधी?"

"सोमवारी. तारीख सोमवारची आहे."

दाखल्यावर उत्पन्न सवलतीच्या मर्यादेच्या दुप्पट होतं. मला वाटलं तलाठ्यानं चूक केली. घरी येऊन विचारलं तर वडील गोठ्याकडे बघत म्हणाले, "चावडीत चार मानसं बसलेली. तलाठी इचारतोय, हवालदार किती लिवू? आता त्येंच्या म्होरं काय सांगू, माझ्या घरात काय न्हाई म्हनून? आन् तलाठी कोन? पोराचा मामा हाय त्यो."

पोराचा म्हणजे माझ्यासाठी सांगलीकडून आलेल्या स्थळाचा. मुलगा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होता आणि बोलणी अर्धवट झाली होती. होणाऱ्या व्याह्यांच्या माणसाकडून स्वतःच्या गरिबीचा दाखला घ्यायचा हे काही वडिलांना जमलं नव्हतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग आता कागदावर पिकवलंय त्येच इका, आन् भरा फी."

वडील उठून बाहेर गेले.

विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्या आठवड्यातल्या शनिवारची होती. फी भरल्याशिवाय किंवा सवलतीचे कागद पुरे झाल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे. फॉर्म गेला नाही की वर्ष गेलं. आणि माझं वर्ष गेलं असतं तर पुढचं वर्ष आलं नसतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. वडील जेवताना बोललेही, "न्हाईतरी लगीन ठरतंयच की. ऱ्हाऊ दे." रागानं नव्हे, सुटका झाल्यासारखे बोलले. तेच जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी आण्णांना म्हटलं, दुसरा दाखला आणते, खरा. ते म्हणाले, "एका माणसाची एका आठवड्यात दोन उत्पन्नं मी फाइलला लावू शकत नाही. आणि तुमचे वडील परत त्या चावडीत जाणार आहेत का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"करतात काय वडील?"

"शेती. आधी पलटणीत होते."

आण्णांनी डिंकाची बाटली बाजूला सरकवली. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? सुटताना डिस्चार्ज बुक मिळालं असेल."

"ट्रंकेत आहे."

"उद्या गुरुवार. त्यांना पुस्तक घेऊन बोलवा. सवलत, माफी, असला एक शब्द घरी काढू नका. म्हणा, कॉलेजनं माजी सैनिकांना बोलावलंय."

"खरंच बोलावलंय?"

"मी बोलावतोय ना? मग कॉलेजनंच बोलावलं."

गुरुवारी वडील लग्नाला निघाल्यासारखे आले. फेटा, इस्त्रीचा सदरा, पुस्तक रुमालात गुंडाळलेलं. खिडकीपुढे रांग होती. आण्णा त्यांना बघून उभे राहिले, प्राचार्यांच्या खोलीतली खुर्ची स्वतः उचलून बाहेर व्हरांड्यात घेऊन आले आणि म्हणाले, "बसा हवालदार." आण्णांना खिडकीच्या बाहेर आलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. रांगेतल्या मुलांनी मान वळवून बघितलं.

मग आण्णांनी पुस्तकाचं एक एक पान उलटायला सुरुवात केली. ही बदली कुठली? हा शिक्का कसला? वडिलांचा चेहरा सुटला. बर्फात बूट कसे गोठतात, मेसमधला मद्रासी स्वयंपाकी पिठलं करायला कसा शिकला, सगळं निघालं. अर्धा तास गेला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आण्णा, आमचीबी जरा बघा की." आण्णांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बोलता बोलता त्यांचा हात फॉर्म भरत होता. शेवटी त्यांनी तो वडिलांपुढे धरला. "इथं सही."

वडील एकदम थांबले. "ह्ये कशाचं?"

"सैनिकांच्या मुलांची फी सरकार देतं. त्याचा फॉर्म."

"म्हंजी माफी." वडिलांचा आवाज बदलला. मी खांबाला टेकून उभी होते. आता पुस्तक रुमालात जाणार आणि आम्ही एस.टी. स्टँडकडे चालायला लागणार, असं मी धरून चालले.

आण्णा शांतपणे म्हणाले, "हवालदार, या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना नाही. बघून घ्या."

वडिलांनी फॉर्म घेतला. वरून खालपर्यंत वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली. नंबर, हुद्दा, पलटण, सेवेची वर्षं. किती एकर, किती बैल, हे कुठंच विचारलेलं नव्हतं. त्यांनी पेन मागितलं आणि फौजेत करत तशी इंग्रजीत सही केली, आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव.

"साताऱ्याच्या सैनिक बोर्डाचा शिक्का लागेल," आण्णा म्हणाले. "उद्याच्या उद्या."

"पयल्या गाडीनं जातो," वडील म्हणाले आणि गेले. शनिवारी माझा फॉर्म गेला.

त्या दाखल्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तलाठ्यानं आपल्या बहिणीला हवालदारांचं उत्पन्न कळवलं होतं, आणि सांगलीकरांनी त्या आकड्याला शोभेल असा हुंडा मागितला. वडिलांना तो आकडा खोटा आहे म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी "पोरगी अजून शिकतीया" असं सांगून स्थळ परत पाठवलं. आई महिनाभर हसत होती. मी बी.ए. झाले, मग सांगलीत एका सहकारी बँकेत लागले, लग्नही पुढे माझ्या पगाराची चिठ्ठी बघूनच झालं.

आण्णांनी माझ्यासाठी काही विशेष केलं असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. बँकेत कर्जाचे अर्ज बघायला लागल्यावर कळलं की ते त्यांचं रोजचं काम होतं. माणूस कुठल्या रकान्यात उभा राहिला तर त्याची मान ताठ राहते, तो रकाना ते शोधत. कागद खोटा लागत नसे, आणि माणसालाही खोटं बोलावं लागत नसे. मी तसं करून बघते. दरवेळी जमत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि माझ्या टेबलापुढेही रांग असते.

ते वारले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या घरी गेले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका डोळ्यानं दिसत नव्हतं. मी ओळख सांगितली, हवालदारांची गोष्ट सांगितली, खुर्चीची सांगितली. ते नुसते मान हलवत राहिले. त्यांना मी आठवत नव्हते, वडीलही आठवत नव्हते. मी थोडी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. मग मनात बरीच वर्षं असलेला प्रश्न विचारला.

"आण्णा, माझे वडील पलटणीत नसते तर?"

"दुसरा कागद शोधला असता."

"आणि नसता सापडला तर?"

"तर वर्ष गेलं असतं तुमचं," ते म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. "तशी गेली ना कितीतरी."

मग ते सांगायला लागले. मी ज्यांची नावं कधी ऐकली नव्हती अशी मुलं. कराडचा एक, त्याच्या चुलत्यानं शेवटपर्यंत सातबारा दिला नाही. खंडाळ्याकडचा एक, दाखला वेळेवर मिळाला पण नाव चुकलं होतं. आणि लोणंदकडची एक मुलगी, इथं मावशीकडे राहून शिकणारी. तिचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता आणि फॉर्मवर बापाचीच सही लागत होती.

"सगळा भरून ठेवला होता मी फॉर्म," आण्णा म्हणाले. "तिची मावशी महाडपर्यंत जाऊन आली शोधत. ज्या गावात मेंढरांचा वाडा बसवला होता, तिथून तो आदल्या दिवशीच हललेला."

"मग?"

"मग तारीख गेली."

आणि त्यांनी तिचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव आधी, मग तिचं, मग वडिलांचं, फॉर्मवर असतं तसं.