अळणी पोह्यांची परीक्षा

सासरे मंगळवारी गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोणाला इंग्रजी शब्द लावत नाही.

गप्प माणसांवर माझ्या सासऱ्यांइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस पुण्यात झाला नसेल. बडबड्या माणसांबद्दल त्यांना काडीचंही कुतूहल नव्हतं. ते स्वतः अखंड बोलत, त्यामुळे तो प्रकार त्यांना घरबसल्या पुरेसा ऐकायला मिळत असावा. हडपसरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलं संपली, पण शिकवणं संपलं नाही. ते सगळं आमच्याकडे वळलं. “आपण गप्प माणसाला घुमा म्हणतो आणि मोकळे होतो,” ते म्हणत. “इंग्रजांनी आपल्याला लुटलं ते लुटलंच, जावईबापू, पण गप्प बसण्याच्या बाबतीत त्या लोकांनी काम केलंय, काम!” आणि मग ते खुर्चीतून उठत. हा विषय त्यांना बसून सांगताच येत नसे. “शाय म्हणजे ज्याला बोलायचंय पण धीर होत नाही तो. रिझर्व्ड म्हणजे ज्याला धीर आहे पण घाई नाही तो. टॅसिटर्नला मुळात बोलण्याचाच कंटाळा. रेटिसंट बाकी सगळं बोलेल, पण एका दारापाशी येऊन थांबेल, त्या दाराआडचं काही सांगणार नाही. आणि अलूफ आणि डिफिडंट यांची गल्लत करणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा करत असे! अलूफला वाटतं, समोरचा माझं बोलणं ऐकायच्या लायकीचा नाही. डिफिडंटला वाटतं, माझंच बोलणं ऐकायच्या लायकीचं नाही. बाहेरून दोघं अगदी सारखे दिसतात हो! आत केवढा फरक!” ‘केवढा’ म्हणताना त्यांचा हात टेबलावर असा पडे की कपबशा उडत. आमच्याकडे ते आले की ही आधी कपबशा उचलून घेई.

भाजी आणायला त्यांना पाठवणं म्हणजे अभ्यासदौऱ्यावर पाठवणं होतं. हडपसरच्या बाजारात एक म्हातारा वांगी घेऊन बसे. सासऱ्यांनी विचारलं, “ताजी आहेत का?” तो म्हणाला, “हाय.” “काटेरी आहेत?” “हाय.” “भरायला चालतील ना?” “हाय.” सासरे हर्षभरित होऊन दोन किलो वांगी घेऊन आले. “लॅकोनिक! नमुनेदार लॅकोनिक! गरजेपुरता एक शब्द, त्याच्यावर एक अक्षर नाही!” सासूबाईंनी एक वांगं चिरलं, दुसरं चिरलं, आणि विळी बाजूला ठेवली. “किडकी आहेत का, हेही विचारायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यालासुद्धा हायच म्हणाला असता.”

त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. जिन्यात समोरासमोर आले तरी ते कधी मान वर करत नसत. सासऱ्यांनी त्यांना अलूफ ठरवून टाकलं होतं आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. एकदा संध्याकाळी वीज गेली. त्या गृहस्थांनी दार वाजवलं, पेटवलेली मेणबत्ती सासऱ्यांच्या हातात दिली आणि एक शब्दही न बोलता ते वर निघून गेले. सासरे तसेच, सदरा उलटा, पायात चप्पल नाही, चालत आमच्याकडे आले. दारातूनच ओरडले, “अलूफ नाही हो, डिफिडंट आहे! इतकी वर्षं मी त्या माणसावर अन्याय केला!” दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन त्या गृहस्थांची माफी मागायला गेले. कसली माफी ते त्या बिचाऱ्याला कळेना. सासऱ्यांनी त्याला सगळेच्या सगळे शब्द उभ्याने समजावून सांगितले. तेव्हापासून तो गृहस्थ जिन्यात चाहूल घेतल्याशिवाय दार उघडेनासा झाला. “आता याला काय म्हणतात?” सासूबाईंनी विचारलं. “दहशत,” असं उत्तरही त्यांनीच दिलं.

पण त्यांचा खरा शोध होता तो अळणी पोह्यांचा. मुलगी पाहायला येणारी मुलं गप्पच बसतात, त्यामुळे कोण कुठल्या प्रकारचा गप्प आहे हे कळायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी हिला सांगून ठेवलं होतं की पोह्यांत मीठ घालायचं नाही. अलूफ मुलगा बशी दूर सारेल. टॅसिटर्न न विचारता हात लांब करून मीठ घेईल. रिझर्व्ड हळूच मागेल. आणि शाय मुलगा दोन घास कसेबसे गिळून पोट भरलं म्हणेल. ही पद्धत अचूक आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ती माझ्यापर्यंत अचूक ठरलीही होती.

मी मात्र सगळे पोहे खाल्ले. शेवटचा शेंगदाणासुद्धा ठेवला नाही. सासऱ्यांनी पुढे वाकून विचारलं, “कसे झालेत?” मी म्हणालो, “छान.” तासाभरात मी बोललो तो तेवढाच शब्द. आम्ही निघाल्यावर हिच्या आत्याबाई म्हणाल्या, “मुलगा घुमा आहे, आणि त्याच्या जिभेला चवही नाही. नको म्हणून कळवा.” सासरे खोलीत येरझारा घालत होते. “नको कसं? याला शब्दच नाही सापडत! शब्द न सापडलेला मुलगा हातचा घालवायचा?” माझं लग्न असं ठरलं.

परीक्षेची हकीकत त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच सणाला सांगितली, आणि तेव्हापासून दर रविवारी विचारू लागले, “त्या दिवशी मीठ का नाही मागितलंत?” मी हसून खिडकीबाहेर पाही. मग ते स्वतःच एकेक शब्द मला लावून बघत, जसा शिंपी कापड अंगाला लावून बघतो. शाय? नाही, तुम्ही नजर चुकवली नव्हती. डिफिडंट? मग ‘छान’ इतकं ठामपणे आलं कुठून? “तुमचा शब्द सापडल्याशिवाय मी काही जायचा नाही, सांगून ठेवतो!” असं म्हणून ते छत्री उचलत. मला उत्तर माहीत होतं. पण ते दिलं की प्रश्न संपेल, आणि प्रश्न संपला की रविवारी दारात ती छत्री दिसणार नाही, असं मला वाटे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या गप्प बसण्याचीच भीती वाटू लागली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. एका रविवारी दुपारी सासूबाई आणि ही जरा आडव्या झाल्या होत्या, आणि मी सासऱ्यांना मऊ भात भरवत होतो. नुसता अळणी भात. त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. मी सवयीने विचारलं, “कसा झालाय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची एकच बाजू हसली. दर रविवारचा प्रश्न त्या डोळ्यांत तसाच होता, फक्त तो विचारायला आता त्यांच्याकडे काही नव्हतं.

मग मीच बोललो. “पहिल्याच घासाला कळलं होतं मला, मीठ नाही ते. मागणारच होतो. तेवढ्यात आतल्या दारात ही दिसली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती. मला वाटलं, घाबरून मीठ घालायला विसरली. मी मागितलं असतं तर आत्याबाई तिला सगळ्यांसमोर बोलल्या असत्या. म्हणून खाल्ले.”

त्यांच्यासमोर मी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो. त्यांचे डोळे लखलखले. ओठ हलू लागले. डावा हात जरासा उठे आणि नाही म्हणून बाजूला पडे. पुन्हा उठे, पुन्हा पडे. एकेक शब्द ते मला लावून बघत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग तो हात थांबला. त्यांनी तो वर उचलला आणि हवेत, मुलांच्या बरोबर उत्तरावर करत तशी, बरोबरची खूण केली. पुढच्या मंगळवारी ते गेले.

कुठला शब्द सापडला ते मला माहीत नाही. आता रविवारी ही पोहे करते, आणि कसे झालेत ते मी तिने विचारण्याआधी सांगतो.