चिकटवलेलं उत्तर

माझी नणंद मृणाली कारखान्यात नेमकं काय करते, हे आमच्या पिंप्राळ्यात कुणाला सांगता येत नसे. बघायला आलेल्या पाहुण्यांना सासूबाई सांगायच्या, "कॉम्प्युटरवर लोखंड तोडून बघते." पाहुणे हसायचे, पोहे संपवायचे आणि जायचे. पण सासूबाईंचं खरंच होतं. एखादा भाग बनवण्याआधी तो किती भार सोसेल, कुठून फाटेल, हे ती कॉम्प्युटरात ओढून-दाबून बघायची.

पुण्यात सहा वर्षं तिने हेच केलं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा स्वतःहून परत आली. मी म्हटलं, "मी आहे ना घरी." तर म्हणाली, "एकट्या किती उचलणार, वहिनी?" जळगावात असलं काम देणारा तिला एकच कारखाना सापडला, रविंद्रभाऊंचा, ट्रॉलीचे सुटे भाग बनवणारा. तो सुटला तर पुन्हा पुणं.

गेल्या वर्षी तिच्याकडे कड्याचं काम आलं. ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाला जाड पत्र्याचं कडं असतं, त्यात ट्रॅक्टरची पिन अडकवतात. केळीने भरलेली अख्खी ट्रॉली त्या एका कड्यावर ओढली जाते. वळता यावं म्हणून पिन आत मुद्दाम सैल ठेवलेली असते, आणि मृणालीचं अडलं ते तिथेच. भार लावला की कॉम्प्युटर एक लाल ओळ दाखवून थांबायचा.

चार दिवस ती जेवताना ताटाकडे नुसती बघत बसली. मी विचारलं तर तिने माझ्याच हातातली बांगडी दोन बोटांनी अधांतरी धरली.

"आता ही मनगटाला कुठे टेकलीय?"

"कुठेच नाही."

"मग हाताला किती टोचेल, कसं सांगाल? तसंच आहे. पिन हवेत तरंगतेय, तिला धरणारं कुणी नाही. जरा ओढली की कॉम्प्युटरच्या लेखी ती गेली थेट भुसावळला! मग टेकते, सुटते, टेकते, सुटते. गणित जुळतच नाही."

तिने कड्याचे कॉम्प्युटरातले तुकडे आणखी बारीक केले, घर्षण वाढवलं, कमी केलं. लाल ओळ हटेना. रविंद्रभाऊ टेबलाशी येऊन उभे राहिले.

"चार दिवस? तुझ्या आधीचा इंजिनिअर अर्ध्या तासात द्यायचा."

"कसं काय, भाऊ?"

"पिन कड्याला चिकटवून टाकायचा. एकजीव. मग न जुळून जातंय कुठे?"

"पण खरी पिन चिकटलेली नसते."

"आपल्याला काय कॉम्प्युटरात केळी वाहायचीत?"

हे ऐकणारे तिथे लोटननाना होते. सोनगीरचे, कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. दुपारी त्यांनी भंगारातून एक झिजलेलं कडं आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. आतल्या बाजूला बोटभर रुंद पट्टा आरशासारखा घासलेला, बाकी सगळं गंजलेलं.

"देख व पोरी," सगळ्या कड्यावरून बोट फिरवून त्या पट्ट्यावर थांबवत नाना म्हणाले, "पिन बठ्ठीकडे टेकस का? आठेच टेकस."

मृणालीने कॉम्प्युटरातली पिन त्या पट्ट्याच्या जागी सुरुवातीपासूनच टेकवून ठेवली. आधी भार लावलाच नाही, नुसती केसभर सरकवली, पक्की धरू दिली. मग भार एकदम न टाकता चाळीस हिश्शांत चढवत नेला. पाचव्या दिवशी तिचा फोन आला, "वहिनी, जुळलं!" इतकी ओरडली की सासूबाई अर्ध्या तोंडाने हसल्या.

संध्याकाळी ती घरी आल्यावर मात्र कळलं. उत्तर आलं होतं, पण वाईट. सगळी ओढ त्या बोटभर पट्ट्यावर येत होती आणि बारा मिलिमीटरचा पत्रा पूर्ण भार यायच्या आधीच फाटत होता. सोळाचा हवा होता. बाराचे पत्रे तर कापून तयार होते.

रविंद्रभाऊ तिला म्हणाले होते, "एवढे दिवस लावून शेवटी नापासच केलंस ना? शाब्बास! आता चिकटवून कर आणि सोमवारी रिपोर्टवर सही करून दे. नाहीतर मंगळवारपासून येऊ नकोस."

रविवारी आम्ही दोघींनी सासूबाईंना कुशीवर वळवलं. त्यांचं अंग पुसता पुसता तिने विचारलं, "काय करू?"

मी म्हटलं, "कर सही. कागदच तर आहे."

हे वाक्य माझं आहे.

सोमवारी तिला पस्तीस मिनिटं लागली. पिन चिकटवली तशी ओढ कड्याभर सारखी पसरली आणि पत्रा आरामात पास झाला. तिने सही केली. खऱ्या उत्तराचे कागद घरी आणून कपाटात साड्यांखाली ठेवले. नाना तिला एवढंच म्हणाले, "तुले दिसनं व्हतं ना, पोरी?" त्यानंतर तिने मोठ्या आवाजात फोन केल्याचं मला आठवत नाही.

थंडीत, केळीची कापणी जोरात असताना, तापीकाठच्या एका चढावर कडं फाटलं. ट्रॉली मागे आली. मागे वना होता, पिंपळनेरकडून कापणीला आलेला मजूर. चढावर चाकाखाली दगड लावत चालायचं, हे त्याचं काम. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

रविंद्रभाऊंनी सगळ्यांना एकच सांगितलं. माल जास्त भरला होता, आमचा रिपोर्ट स्वच्छ आहे, मॅडमची सही आहे.

मृणाली दवाखान्यात जाऊन आली. वनाच्या बायकोला वाटलं, सरकारातून कुणी बाई आल्या. तिने घाईने पिशवी उचलून तिला बसायला जागा करून दिली. हे सांगताना मृणाली रडली नाही, हात धुवत राहिली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला विम्याचा माणूस कारखान्यात आला. तिने साड्यांखालचे कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले आणि आधी तारखा पाहिल्या.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि हे फाटतं असं सांगणारे कागद सहीच्या तीन दिवस आधीचे."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

रविंद्रभाऊ खिडकीबाहेर बघत होते. तिने तिसऱ्यांदा हो म्हटलं आणि त्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "सही करायला कुणी सांगितलं?"

तिने रविंद्रभाऊंचं नाव सांगितलं. माझं सांगितलं नाही.