न ऐकताच होय

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती. बायकापोरांनाही बोलावलं होतं. साहेबानं मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि हसत हसत माईकवर विचारलं, "तू बैल आहेस ना?"

"होय साहेब."

"तुझ्यापेक्षा हा हॅमर शहाणा ना?"

"होय साहेब."

"तुझ्या बायकोला दुसरा नवरा बघून देऊ?"

"होय साहेब."

सगळा मांडव हसला. मीही हसलो. मला वाटलं, साहेब कौतुक करतोय.

फोर्जिंगच्या खात्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. लाल लोखंडावर यंत्राचा हॅमर पडतो, तो आवाज दातांत बसतो. कानात घालायला कुणी कापसाचा बोळाही दिला नाही. पन्नाशीला माझं असं झालं, की आवाज यायचा, शब्द लागायचा नाही. एकटा माणूस समोर बसून बोलला तर कळायचं. चारजण बोलायला लागले, वर भोंगा असला, की सगळी खिचडी. पुन्हा विचारलं की शिवी. घरी बसवतील ही धास्ती वेगळीच. म्हणून साहेबाचे ओठ थांबले की होय म्हणायचं, ही सवय लावून घेतली. साहेबाला ती ठाऊक होती.

पूजेहून काळेवाडीला घरी आलो, लेक पुढं चालत होती. नववीत होती तेव्हा. घरात शिरल्यावर ती माझ्यासमोर बसली, मला ओठ दिसतील अशी.

"बाबा, तुम्ही का हसलात?"

तिनं पहिले दोन प्रश्न सांगितले. तिसऱ्यापाशी तिला रडू फुटलं. ती उठून बाहेर गेली.

तिसरा बायकोनं सांगितला. चुलीकडे तोंड करून, पाठमोरी. "आन् तुमी होय म्हणालात," ती म्हणाली. "समद्यांम्होरं." ओठ दिसत नव्हते. पण घरात दुसरा आवाज नव्हता, म्हणून शब्द न् शब्द लागला. त्या दिवशी मी ठार बहिरा असतो तर बरं झालं असतं.

कंपनीच्या डॉक्टरनं वय झालं म्हणून वाटेला लावलं होतं. आता दसरा झाल्यावर सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई समोर बसून सावकाश बोलल्या. "कान अर्धवट पोचवतो, उरलेलं डोकं जुळवत बसतं. वयानं ती जुळवाजुळव हळू होते. गोंगाटात तर फारच. पण तुमचे कान त्या हॅमरनं नेलेत. तुम्ही मंद नाही."

तिथंच बाकावर बसून रडलो. इतकी वर्षं मीसुद्धा स्वतःला मंदच समजत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेब खात्यात आला. माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. ओठ थांबले. सगळे माझ्या होयची वाट बघत होते, काहीजण आधीच हसत होते. मी हॅमर बंद केला.

"न्हाई साहेब. ऐकू आलं न्हाई. समोर या, पुन्यांदा सांगा."

कुणी हसलं नाही. साहेब जवळ आला. "वय झालंय तुझं. घरी बस."

हॅमर बंद होता. नीट ऐकू आलं.

"वय झालंय," मी म्हणालो. "पर कान हितं गेले. तुमच्या हॅमरखाली. घरी बसवा, गेटावर उभा राहून हेच सांगीन."

साहेब निघून गेला. त्यानंतर न ऐकलेल्या एकाही गोष्टीला मी होय म्हटलेलं नाही. मरेपर्यंत म्हणणार नाही.